सातव्या फर्म्याची शिफारस

श्रीमती शिरीन फारूक, वय बावन्न, शिक्षण बी.ए. (मराठी), व्यवसाय चष्माविक्री, राहणार गडचांदूर, ह्या लटारूजी स्मृती सार्वजनिक वाचनालयाच्या मानद ग्रंथशिफारस प्रमुख असून सदर पद कार्यकारिणीने अद्याप निर्माण केलेले नाही. सदर महिला दर रविवारी सकाळी वाचनालयात उपस्थित राहून वाचकांना आत्मचरित्रे, आठवणी, प्रवासवर्णने व तत्सम खऱ्या मजकुराची पुस्तके वाचण्याची शिफारस करतात. त्याबद्दल त्यांना मानधन, प्रवासभत्ता अथवा चहा देय नाही. सदर शिफारशींनुसार वाचकांनी पुस्तक वाचून त्यातील मजकूर अमलात आणल्याची नोंद : निरंक.

वाचनालयाच्या वार्षिक अहवालातला हा परिच्छेद ग्रंथपाल धनराजनं लिहिला होता आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. चहाचंसुद्धा खरं होतं.

खिडकीजवळचं लोखंडी कपाट शिरीननं भरलं होतं. सिमेंटच्या कॉलनीतले साहेब लोक बदली होऊन जाताना फ्रीज विकत, कुंड्या शेजाऱ्यांना देत आणि पुस्तकं रद्दीच्या ढिगात टाकत. शिरीन त्या ढिगाशी जाऊन बसायची. त्यातून तिनं एका सरकारी दवाखान्यातल्या नर्सच्या आठवणी वाचवल्या, एका दुष्काळाचा इतिहास वाचवला, कुण्या रेल्वेच्या गँगमननं म्हातारपणी लिहिलेलं बारीकसं पुस्तक वाचवलं. अशी करत करत चार फळ्या भरल्या. गावावर दिवसरात्र पडणारी सिमेंटची भुकटी ती दर रविवारी त्या पुस्तकांवरून कोरड्या फडक्यानं पुसायची, आणि मग येणाऱ्याजाणाऱ्याला धरून सांगायची, हे न्या, हे वाचा.

लोक न्यायचे. वाचायचे का, हे शिरीनला त्यांना न विचारता कळत असे, आणि ज्या रीतीनं कळत असे तिची तिला शिसारी होती.

या भागात माणूस जन्मतो, बोलायला लागतो आणि खर्रा खायला लागतो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला तो लगदा गालात धरून माणसं बोलतात, भांडतात, मंगलाष्टकं म्हणतात. वाचतातही तसंच. पान उलटायचं म्हणजे बोट आधी तोंडात जातं आणि मग पुस्तकावर येतं. त्यामुळे प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यावर एक तपकिरी, ओलसर, मधे फिकट आणि कडेला गडद असा डाग उमटतो. डाग जिथं संपतात तिथं वाचक संपला. नर्सच्या आठवणी अकराव्या पानावर संपत होत्या. दुष्काळ प्रस्तावनेतच आटोपला होता. गँगमनच्या पुस्तकावर डाग नव्हते. आत चपटा झालेला एक डास होता.

“वाचलं का बिरजूभाऊ?” शिरीन विचारायची.

बिरजू सिमेंटच्या पॅकिंग प्लांटमधला ऑपरेटर. पहिल्या पाळीहून सुटला की तो भुरकट भुवयांनी वाचनालयात येई, कारण तिथं पंखा होता. “एकच नंबर पुस्तक होतं मॅडम,” तो म्हणायचा. “रडूच आलं.”

“कुठं आलं?”

“घरी.”

“पुस्तकात कुठं?”

बिरजू खर्रा या गालातून त्या गालात करायचा. “आता तुमच्यापाशी काय लपवाचं जी. खरी पुस्तकं काऊन वाचाची? खरं तर रोजच पाहून राह्यलो ना आपण. ते श्रीमंत कसं व्हाचं, असं एखादं द्या ना.”

श्रीमंत कसं व्हायचं, या विषयावर वाचनालयात अठ्ठावीस पुस्तकं होती. ती सगळी डागाळून बरबटली होती आणि नेणाऱ्यांपैकी कोणी श्रीमंत झाल्याचं ऐकिवात नव्हतं. पण तक्रार मात्र शिरीनच्या पुस्तकांची व्हायची. रडकी आहेत म्हणायचे.

वाचनालयाला ज्यांचं नाव होतं त्या लटारूजींचे चिरंजीव भैयाजी हे वाचनालयाचे अध्यक्ष. चुनखडी वाहणारे त्यांचे ट्रक कोरपना रस्त्यावर एकामागोमाग एक उभे असत. त्या वर्षी भैयाजींचं आत्मचरित्र निघालं. नाव होतं ‘मीच माझा वटवृक्ष’. ते चंद्रपूरच्या कुण्या प्राध्यापकानं लिहून दिलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मुखपृष्ठावर भैयाजी वडाला टेकून उभे होते. वड त्यांच्यापुढं लहान दिसत होता. अकरा प्रती वाचनालयाला भेट आल्या.

मग एके दिवशी दुपारी भैयाजी चष्म्याच्या दुकानात आले. शिरीनचा नवरा फारूक कोपऱ्यातल्या टेबलावर फ्रेम जोडत बसला होता. त्यानं खुर्ची पुसून दिली.

“शिरीनबाई,” भैयाजी म्हणाले, “बाबाची पुण्यतिथी आहे पुढच्या रविवारी. दरवर्षी तुम्ही एका पुस्तकावर बोलता. औंदा आपल्या पुस्तकावर बोला. तुमचा शब्द म्हंजे शब्द. लोक ऐकते तुमचं.”

बारा वर्षांत तिचं कोणी ऐकल्याची ही पहिलीच वार्ता होती.

“वाचून सांगते,” ती म्हणाली. “न वाचता मी बोलत नाही.”

“त्यात वाचाचं काय? मीच बसून हावो ना तुमच्यासमोर.”

“तरी वाचते.”

भैयाजी हसले. उठता उठता, जसं काही आत्ताच आठवलं, म्हणाले, “आन हो, आपण अभ्यासिका करून राह्यलो त्या हॉलमधी. परीक्षावाले पोट्टे बसतीन. जागा नाई पुरत. तुमचं ते कपाट तात्पुरतं आपल्या टायरच्या गोदामात ठेवू म्हणतो. नक्की नाई अजून. पुण्यतिथी होऊ द्या, मंग पाहू. चांगलं बोला.”

तात्पुरतं म्हणजे काय ते शिरीनला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी बालविभाग असाच तात्पुरता गोदामात गेला होता. ती एकदा बघायला गेली. टायरांच्या मागं खोके होते. राजाराणीच्या गोष्टी उंदरांनी कुरतडून त्यांचा भुसा केला होता आणि त्या भुशात पिल्लं घातली होती : गुलाबी, बिनकेसांची, डोळे न उघडलेली, एकमेकांत वळवळणारी. वास असा होता की घरी येऊन तिनं ओढणी दोनदा धुतली. आता तिथं नर्सबाई जाणार होत्या. गँगमन जाणार होता.

दुसऱ्या दिवसापासून तिनं दुकानात बसून ‘मीच माझा वटवृक्ष’ वाचायला घेतलं.

जन्माच्या वेळी वीज चमकली होती. पाचव्या पानावर गुरुजी म्हणाले, हा मुलगा मोठा होईल. त्यानंतर जो जो भेटेल तो हेच म्हणत होता : तहसीलदार, एक साधू, आगगाडीतला अनोळखी शीख. आई एका परिच्छेदात येऊन गेली, तेही मुलाकडे पाहून कृतार्थ डोळे पुसायला. दोन ट्रकचे साठ ट्रक कसे झाले, हे ‘ईश्वरी कृपेने’ या दोन शब्दांत उरकलं होतं; मात्र साठाव्या ट्रकची पूजा तीन पानं चालली होती. शिरीनला शिळ्या तुपाचा पेढा तोंडात धरून बसल्यासारखं होत होतं. गिळवत नाही, थुंकता येत नाही.

“पाणी देऊ?” फारूक विचारायचा.

“नको. अजून आमदारांचा सत्कार बाकी आहे.”

शहाण्णवाव्या पानावर भैयाजी मुंबईला मंत्रालयात पोचले होते. पानाची शेवटची ओळ अशी : ‘मंत्रिमहोदयांनी माझा हात हातात घेतला आणि सद्गदित होऊन म्हणाले, भैयाजी, आपण’

तिनं पान उलटलं. सत्त्याण्णवाव्या पानाची पहिली ओळ होती : ‘नर असल्यास तिसऱ्या महिन्यात त्याचे खच्चीकरण करून घ्यावे.’

शिरीननं चष्मा काढला, पुसला, परत घातला. ओळ तीच होती. पुढं विणीच्या काळात शेळीची निगा होती, पिल्लाला चीक कधी पाजावा ते होतं, जंतांचं औषध होतं, लसींचं वेळापत्रक होतं. सोळा पानं झाली आणि एकशे तेराव्या पानावर भैयाजी पुन्हा प्रकट झाले. ते मुंबईहून परत आले होते आणि स्टेशनवर गर्दी मावत नव्हती.

काय झालं होतं ते तिला उमगायला वेळ लागला नाही. पुस्तक सोळा सोळा पानांच्या गठ्ठ्यांनी छापतात. छापखानेवाले त्याला फर्मा म्हणतात आणि प्रत्येक फर्म्यावर नंबर घालतात. त्याच छापखान्यात तेव्हा कुणाची तरी शेळीपालनाची पुस्तिका छापत असणार. बांधणाऱ्यानं सहाव्यावर सातवा ठेवला. सातवाच ठेवला, तो कुणाचा, हे काही त्यानं बघितलं नाही. याचा अर्थ कुठंतरी शेळीपालनाच्या पुस्तिकेत भैयाजींची मंत्रालयवारी बांधली गेली होती. ज्यांनी शेळ्यांसाठी ते पुस्तक घेतलं असेल त्यांची शिरीनला मनापासून कणव आली.

तिनं ते पान फारूकपुढं धरलं. तो इतका हसला की चिमट्यातला स्क्रू उडाला. दोघं फरशीवर गुडघे टेकून तो शोधायला लागले.

“सांगून टाक त्याले,” टेबलाखालून फारूक म्हणाला.

“सांगितलं तर पहिलं विचारतील, अजून कोणाकोणाला माहीत आहे. मग त्या प्रती उचलल्या जातील आणि त्यांच्यासोबत माझं कपाटही.”

“मंग नको सांगू. गोड बोल, मोकळी हो.”

“खोटं बोलू? बारा वर्षं एकच सांगतेय मी लोकांना, खरं वाचा म्हणून.”

“बारा वर्षांत वाचलं कोणी?”

फारूकला स्क्रू सापडला. तो उठून खुर्चीवर बसला, फ्रेम उजेडाकडे धरली आणि म्हणाला, “मंग त्यातलं खरं असन तेवढंच सांग ना.”

शनिवारी ती वाचनालयात गेली. अकराही प्रती काढून टेबलावर ओळीनं मांडल्या. प्रत्येकीत सातवा फर्मा शेळ्यांचाच होता. मग तिनं नाक मुरडून कोपरे तपासले. पुस्तक येऊन सहा महिने झाले होते. पंचायत समितीपासून बँकेपर्यंत सगळे प्रतिष्ठित ते घरी नेऊन आले होते आणि भेटेल तिथं त्याची तारीफ करत होते. कुणाचे डाग सहाव्या पानाला थांबले होते, कुणाचे नवव्या. दोन प्रतींत डाग एकदम फोटोंच्या पानांवर उगवले होते : नेणाऱ्यानं त्यात आपला फोटो शोधला होता आणि सापडल्यावर तिथंच बोटानं गोल केला होता. एका प्रतीत अर्धी पुरी होती. पुस्तकाला प्रस्तावना लिहिणाऱ्या विद्वानांनी लिहिलं होतं, ‘हे पुस्तक मी एका बैठकीत वाचून काढले.’

“का पाहून राह्यल्या मॅडम?” धनराजनं विचारलं. त्याच्या गालात खर्रा होता, त्यामुळे मान वर करूनच बोलावं लागत होतं.

“धनराज, तू वाचलंस हे?”

“म्हंजे काय! शेवट तर लयच भारी हाये.”

शिरीन बाहेर नळावर गेली आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले.

पुण्यतिथीला हॉल भरला होता. लटारूजींच्या तसबिरीला हार, भैयाजींना हार, हार घालणाऱ्यांना हार. शिरीनची पाळी आली तेव्हा तिनं पुस्तक उघडून हातात धरलं. पहिल्या रांगेत भैयाजी हाताची घडी घालून, मान किंचित तिरकी करून बसले होते, जशी मुखपृष्ठावर होती.

“या पुस्तकाची मी शिफारस करते,” ती म्हणाली. “विशेषतः पान सत्त्याण्णव ते एकशे बारा. ही सोळा पानं मी तीनदा वाचली. त्यात एक शब्द फुकट नाही. लेखक स्वतःबद्दल एक अक्षर बोलत नाही. दुसऱ्याचा जीव कसा जपावा, एवढंच सांगतो. या तालुक्यातल्या गरीब माणसाला आजच्या आज उपयोगी पडेल असं काही मी या वाचनालयातल्या कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नाही. ज्यांनी आधीच वाचलंय त्यांनी ती पानं परत वाचावीत. ज्यांनी नाही वाचलं त्यांनी सुरुवात तिथूनच करावी. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.”

यात खोटं काहीच नव्हतं. ती खाली बसली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. तिनं हॉलभर नजर फिरवली. एखादा तरी दचकेल, एखादा तरी कपाळाला आठी घालेल, म्हणून शोधत राहिली. पहिल्या रांगेपासून दारातल्या चपलांपर्यंत सगळे मान डोलावत होते. भैयाजी उठले. त्यांचा आवाज भरून आला होता.

“शिरीनबाईनं नेमकं बोट ठेवलं,” ते माईकवर म्हणाले. “तुम्हाले म्हणून सांगतो, तेवढी सोळा पानं लिहितानी माया डोळ्याले धार लागली होती. लिहिणं झालं, आन मी लेखणी खाली ठेवली.”

शिरीननं हातातलं पुस्तक मिटलं.

कपाट वाचलं. भैयाजींनी तिथल्या तिथं जाहीर केलं की अभ्यासिका मागच्या खोलीत होईल आणि आत्मचरित्रांचं कपाट आहे तिथंच राहील. फक्त सगळ्यात वरची फळी ‘मीच माझा वटवृक्ष’च्या प्रतींसाठी मोकळी करावी, माणसाच्या नजरेसमोर. धनराजनं लगेच नर्सबाईंना आणि गँगमनला खालच्या फळीवर, झाडूच्या शेजारी बसवलं. शिरीननं ते बघितलं. आपल्या पुस्तकांना राखण म्हणून आपणच तो माणूस वर बसवून घेतला, याची तिला इतकी किळस आली की त्या दिवशी सत्काराची मिळालेली शाल तिनं घरात आणलीच नाही. फारूकनं ती दुकानात काचा पुसायला घेतली.

पुढचे पंधरा दिवस लोक रस्त्यात थांबवून सांगत होते. “मॅडम, सत्त्याण्णव नंबरचं पान! काळजाले भिडलं.” बँकेचे मॅनेजर म्हणाले, त्या पानांत त्यांना अध्यात्म दिसलं. बिरजू म्हणाला, “रडूच आलं.” या वेळी तिनं कुठं आलं ते विचारलं नाही. रविवारी जाऊन कोपरे मात्र पाहिले. सत्त्याण्णव ते एकशे बारा, अकराही प्रतींत, कोरे करकरीत. निदान ती पानं स्वच्छ आहेत, एवढंच समाधान. एक प्रत तिनं आपल्या कार्डावर दुकानात आणून ठेवली. एकदा ती पानं भैयाजींपुढं उघडी करून धरावीत, असं तिच्या मनात होतं. तेवढी हिंमत होत नव्हती, म्हणून पुस्तक काउंटरवर नुसतं पडून होतं.

मे महिन्यात बाजाराच्या दिवशी सोमारी आली. जिवतीकडच्या डोंगरावर वीसेक घरांचा एक गुडा आहे, तिथली. मोहफुलं विकायला ती बाजारात येई. बचत गटाचं लिहिणं-वाचणं तिच्याकडं होतं आणि चाळिशी लागल्यापासून अक्षरं पळत होती, म्हणून मागच्या खेपेला तिनं चष्मा सांगितला होता. फारूकनं तो तयार ठेवला होता.

जवळचा चष्मा बरोबर लागला का, हे बघायला शिरीन गिऱ्हाइकाला पेपरातल्या दोन ओळी वाचायला देत असे. त्या दिवशी पेपर फारूकनं भज्यांखाली घातला होता. तिनं हाताशी होतं ते पुस्तक उघडलं. ते आपोआप सातव्या फर्म्यावरच उघडलं.

“वाच सोमारीबाई. कुठूनही वाच.”

सोमारीनं ओळीखाली बोट धरलं आणि हळू, तोंडातल्या तोंडात वाचू लागली. दोन ओळी झाल्या. शिरीन म्हणाली, “दिसतं ना नीट? झालं.” सोमारीनं मान वर केली नाही. पान संपलं. तिनं ते उलटलं, कोरड्या अंगठ्यानं. शिरीननं तो अंगठा पाहिला आणि बसायला स्टूल पुढं सरकवलं.

दुसरं गिऱ्हाईक येऊन गेलं. सोमारी वाचत होती. एका जागी ती थांबली, मागं गेली, तीच ओळ पुन्हा वाचली.

“बाई, ह्ये कोणता रोग व्हय? आंत्र... आंत्रविषार. कवळा चारा खाल्ला का सकाळची चांगली शेळी सांजेले मरते म्हणते.”

“असेल. मला शेळ्यांचं काही कळत नाही.”

“मागच्या पावसात माया तीन अशाच गेल्या. गुड्यातले म्हणत, देवाचं काई राह्यलं असन. कोंबडा देला देवाले.” तिनं बोट ओळीवर तसंच ठेवलं होतं. “इथी तं लिहून हाये का पावसाच्या आंधी सुई टोचाची. कोणीच काऊन नाई सांगतलं मले?”

शिरीननं तर भर हॉलमध्ये सांगितलं होतं.

“ह्ये पुस्तक मले नेऊ देशीन का?”

सोमारी वाचनालयाची सभासद नव्हती आणि तालुक्याबाहेरच्याला सभासद करून घ्यायचा नियमही नव्हता. शिरीन म्हणाली, “ने. माझ्या कार्डावर आहे.”

सोमारीनं पुस्तक मिटलं. मुखपृष्ठावर भैयाजी वडाला टेकून उभे होते. नव्या चष्म्यातून तिनं त्यांना बारकाईनं पाहिलं.

“ह्या भाऊनं लिहिलं?”

शिरीनच्या जिभेवर बरंच काही आलं. फारूक काच पुसायचं थांबवून तिच्याकडं बघत होता.

“हो,” ती म्हणाली. “तो म्हणतो तसं.”

“चांगला माणूस दिसते,” सोमारी म्हणाली. “शेळ्याइचं लय समजते त्याले.”

तिनं पुस्तक मोहाच्या रिकाम्या टोपलीत, फडक्यात गुंडाळून ठेवलं आणि डोंगराकडं जाणाऱ्या जीपच्या दिशेनं गेली. शिरीननं बडीशेपेचा डबा काढला. तोंडाची चव गेली होती.

पुढच्या वार्षिक अहवालात धनराजनं लिहिलं की ‘मीच माझा वटवृक्ष’ हा ग्रंथ वाचकप्रिय ठरला असून एक प्रत मुदतीत परत न आल्याने श्रीमती शिरीन फारूक यांना लेखी समज देण्यात आली आहे. आत्मचरित्रांचे कपाट मूळ जागी कायम असून, सदर महिलेच्या शिफारशींनुसार वाचकांनी पुस्तक वाचून त्यातील मजकूर अमलात आणल्याची नोंद : निरंक.

पावसाच्या आधी सोमारीच्या पाचही शेळ्यांना लस टोचून झाली होती.